धुरकट चामड्याचा परफ्यूम: पहिला अर्धा तास डांबर, तिसऱ्या तासाला सुरेख. पारख कशी करायची?

पानगळ

२ मिलीची नमुना कुपी आहे, प्रकार ओ द पार्फम. घटकांत बर्चचं डांबर, लॅब्डॅनम (एका झुडपाची गडद राळ), वाळा, आयरिस आणि ‘चामडं’ एवढं लिहिलंय. मनगटावर दोन फवारे मारले की पहिली २५-३० मिनिटं डांबर, जळकी वायर आणि दवाखान्याच्या फरशीचा दर्प. दीड तासाने धूर खाली बसतो. तिसऱ्या तासाला कोरडं, किंचित गोडसर, जुन्या खोगिरासारखं काहीतरी उरतं आणि ते फार सुंदर आहे. कागदी पट्टीवर मात्र दुसऱ्या दिवशीही नुसता धूर.

नमुना बिघडलेला असेल का? पट्टीवर विश्वास ठेवायचा की त्वचेवर? तासाभराने मला काहीच येत नाही, पण शेजारी बसलेल्यांना येतो, असं का? आणि चार माणसांत हा लावायचा तर किती आणि कुठे? मोठी बाटली घ्यायची की नाही हे या उत्तरांवर ठरवायचं आहे.

तळस्वर

नमुना बिघडलेला नाही. तुम्ही जे वर्णन केलंय ते बर्चच्या डांबराचं अगदी नेहमीचं वागणं आहे.

चामड्यातून सुगंधी तेल निघत नाही. परफ्यूममधलं चामडं हा इतर द्रव्यांनी उभा केलेला भास असतो, आणि त्यातलं एक जुनं द्रव्य म्हणजे हे डांबर. बर्च हे भूर्जाच्याच कुळातलं झाड. त्याची साल हवा न लागू देता तापवली की काळं, दाट तेल सुटतं. रशियात कातडं कमावताना हेच तेल त्यात मुरवत, म्हणजे पाणी आणि कीड लागत नसे. त्यामुळे धूर आणि चामडं ही जोडी कुणी कल्पनेने जुळवलेली नाही. त्या कातड्याला खरोखरच तसा वास यायचा. १७८६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ बुडालेल्या ‘मेटा कॅथरिना’ या जहाजावरची अशी कातडी १९७३ साली सापडली, तेव्हा जवळजवळ दोन शतकं गाळात राहूनही त्यातली बरीचशी वापरण्याजोगी होती.

या तेलात फिनॉल गटातली द्रव्यं असतात. ग्वायकॉल म्हणजे विझलेल्या शेकोटीचा धूर. क्रेसॉल म्हणजे जंतुनाशक. क्रेसॉल फरशी पुसायच्या औषधांत वर्षानुवर्षं वापरलं गेलंय, म्हणून मेंदू त्याला लगेच ‘दवाखाना’ असं नाव देतो. ही तुलनेने हलकी द्रव्यं आधी उडतात, आणि नाकाला ती अत्यल्प प्रमाणातही जाणवतात. सूत्रात डांबर बहुतेक वेळा एक टक्क्याच्याही खाली असतं, तरी पहिला अर्धा तास त्याचंच राज्य असतं. तिसऱ्या तासाला तुम्हाला आवडतो तो लॅब्डॅनम, वाळा आणि डांबराचा जड भाग.

खरोखर बिघडलेला परफ्यूम वेगळा कळतो. सुरुवातीची लिंबूवर्गीय झाक आंबूस होते किंवा नखांचा रंग काढायच्या द्रवासारखी झणझणीत येते, आणि तळाचा सुगंधही पोकळ वाटतो. रंगावर जाऊ नका. डांबर आणि लॅब्डॅनम दोन्ही मुळातच गडद, त्यामुळे या जातीचा परफ्यूम चहाच्या रंगाचा असणं स्वाभाविक आहे.

आता पारख. दोन फवारे आणि तेही मनगटावर, इथेच गणित चुकतंय. मनगट सारखं नाकाजवळ येतं, धुतलं जातं, टेबलाला घासतं. कोपराच्या आतल्या बाजूपासून चार बोटं खाली, १५ सेंटिमीटरवरून एकच फवारा मारा. चोळू नका, चोळल्याने त्वचा तापते, वरचा थर घाईने उडतो आणि सुगंध उलगडण्याचा क्रम विस्कटतो. त्याच वेळी एका पट्टीवर एक फवारा मारून वेळ लिहून ठेवा. पहिलं मिनिट हुंगूच नका, तेव्हा नाकात अल्कोहोलच जातं. मग १० मिनिटं, ४५ मिनिटं, २ तास, ४ तास आणि ८ तास, एवढ्याच वेळा. दर वेळी दोन-तीन छोटे श्वास, आधी १५ सेंटिमीटरवरून, मग जवळून. प्रत्येक वेळी तीनच शब्द टिपा, वाक्यं नकोत. ‘आवडलं/नाही आवडलं’ हे फक्त २ आणि ८ तासांच्या नोंदीपुढे लिहा.

निदान तीन वेगवेगळ्या दिवशी हे करा, त्यातला एक दिवस गरम आणि एक थंड असलेला बरा. उष्णतेत धूर फुगतो, थंडीत आखडतो आणि आयरिसची पावडरी बाजू पुढे येते. नमुन्याची फवारणी छोटी असते, साधारण ०.०५ ते ०.०७ मिली. म्हणजे २ मिलीत तीसेक फवारे निघतात. तीन दिवसांना पुरून उरतील.

शिलारस

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पट्टीबद्दल थोडं वेगळं सांगायचंय.

पट्टी खोटं बोलत नाही, ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. कागदाला ऊब नाही आणि तेलही नाही. त्वचा साधारण ३२-३३ अंशांवर असते, त्यामुळे तिथे सगळं लवकर पुढे सरकतं. कागदावर जड घटक दिवसच्या दिवस बसून राहतात. दुसऱ्या दिवशीही धूरच येतोय याचा अर्थ धूर तळापर्यंत विणलेला आहे, नुसता वर शिंपडलेला नाही. मला ही जमेची बाजू वाटते. पट्टीवर परफ्यूमची बांधणी तपासा, लावायचा की नाही ते त्वचेवर ठरवा.

घटकांत नुसतं ‘चामडं’ लिहिलंय, पण कुठलं चामडं हे ओळखता आलं तर पारख निम्मी सोपी होते.

डांबर किंवा केड तेल (हे ज्युनिपरच्या एका जातीच्या लाकडातून तसंच तापवून काढतात) पुढे असेल तर खोगीर, बूट, शेकोटी. आयसोब्युटिल क्विनोलिन हे कृत्रिम द्रव्य असेल तर धूर कमी आणि हिरवट कडवटपणा जास्त. कोऱ्या, ताठ, काळ्या हातमोज्यांचा वास. परफ्यूमकार जर्मेन सेलिए यांनी १९४४ च्या ‘बँडिट’ या परफ्यूममध्ये ते भरपूर वापरलं, आणि ते द्रव्य मुद्दाम ओळखायचं असेल तर तिथून सुरुवात करावी. केशरासारखी कोरडी, किंचित धातूची झाक आणि मऊ साबरी स्पर्श जाणवला तर ते सॅफ्रालीनसारख्या आधुनिक द्रव्यांचं काम. प्राणिज, उबदार, अंगाचा वास असेल तर कॅस्टोरियमची (बीव्हर या प्राण्यापासून मिळणाऱ्या द्रव्याची) नक्कल. शिलारस (माझं टोपणनाव नव्हे, ती राळ) आणि नागरमोथा हे दोन्ही धुराला आधार देतात: पहिला राळेचा गोडवा आणतो, दुसरा माती आणि कोरडं लाकूड.

तुमच्या यादीवरून हा पहिल्या जातीचा दिसतो. अशा परफ्यूममध्ये मी तीन गोष्टी बघतो. धूर आणि चामडं एकजीव राहतात की दुसऱ्या तासाला फारकत घेतात? फारकत झाली तर एकीकडे राख आणि दुसरीकडे गोड राळ असा विचित्र प्रकार उरतो. दुसरं, धुराखाली काही ओलसर आहे का? इथे आयरिस ते काम करत असावं. ते नसतं तर सगळं कोरडं ठक्क झालं असतं. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: सहाव्या-आठव्या तासाला काय उरतं? हल्ली पुष्कळ धुरकट परफ्यूम टिकाऊपणासाठी लाकूड-अंबर जातीची अतिशय तीव्र कृत्रिम द्रव्यं वापरतात. शेवटी तेवढीच उरली तर नाकाच्या शेंड्यात ओरखडल्यासारखं, स्पिरिटसारखं जाणवतं आणि चामड्याचा मागमूस राहत नाही. असं झालं तर बाटली घेऊ नका, तिसरा तास कितीही सुंदर असो.

कुपी

तासाभराने वास न येण्याबद्दल: परफ्यूम गेलेला नसतो, नाक सरावलेलं असतं. एकच वास सतत येत राहिला की घ्राणपेशी आणि मेंदू दोन्ही त्याची दखल घेणं कमी करतात. शेजारी ताज्या नाकाने येतो म्हणून त्याला पूर्ण वास येतो. या परफ्यूमच्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा धोका, कारण ‘उडाला’ असं समजून माणूस पुन्हा फवारा मारतो आणि डांबराचा पहिला अर्धा तास परत सुरू होतो.

खात्री करायची असेल तर सुती रुमालावर एक फवारा मारून तो दुसऱ्या खोलीत ठेवा. २० मिनिटं मोकळ्या हवेत फिरा, मग त्या खोलीच्या दारातून आत या. दारातच कळला तर परफ्यूम मोठ्याने बोलतोय, रुमालापासून हातभर अंतरावर कळला तर बेताचा. मध्येच नाक ताजं करायला कॉफीच्या बिया हुंगण्यात अर्थ नाही. साधी हवा तेवढंच काम करते. स्वतःच्या दुसऱ्या, काही न लावलेल्या हाताचा कोपर हुंगणं त्याहून सोयीचं.

दुसऱ्याचं मत घेताना ‘चांगला आहे का?’ असं विचारू नका. ‘कशासारखा वाटतो?’ असं विचारा. ‘लाकूड, चामडं, देवघर’ आलं तर ठीक. ‘काहीतरी जळतंय का?’ आलं तर मात्रा जास्त झाली.

मात्रेचं म्हणाल तर बंद खोलीत, चार माणसांत एकच फवारा, कपड्याखाली पोटावर किंवा छातीच्या खालच्या भागावर. कापडाच्या थरातून तो गाळून, हळूहळू वर येतो. गळ्याच्या पुढे कधीच नको. तुमचंच नाक दिवसभर त्यात बुडेल. निघण्याच्या ४५ मिनिटं आधी लावा, म्हणजे दवाखान्याचा भाग घरीच संपतो. मोकळ्या हवेत दोन फवारे, दुसरा मानेच्या मागे. त्वचा फार कोरडी असेल तर आधी वास नसलेलं लोशन लावा, सुगंध जास्त वेळ धरून राहतो. ज्या बैठकीत कुणाला दमा किंवा वासाने डोकेदुखी होते, तिथे हा परफ्यूम लावूच नये. धुराच्या वासाने माणूस सावध होतो, ते टाळता येत नाही.

पानगळ

फार उपयोगी. दोन शंका. त्वचेऐवजी थेट जाकिटावर किंवा शालीवर मारला तर? आणि डांबर त्वचेला चालतं का?

शिलारस

लोकरीवर सुरेख बसतो. तिथे ऊब कमी, म्हणून धूर सावकाश सुटतो आणि चामड्याचा भाग जास्त गोलाईने येतो. अस्तराच्या बाजूने, २५ सेंटिमीटरवरून एक फवारा.

कुपी

इथे मात्र मी थांबवेन. लोकरीवर तो आठवडे राहतो. म्हणजे तेच जाकीट त्यावर दुसरा परफ्यूम लावून घालता येत नाही, आणि रोज घातलं तर वरचे थर साचत जातात. शिवाय गडद द्रव्यांचे डाग पडतात: रेशीम, पांढरा सुती कपडा आणि फिक्या रंगाचं चामडं यांवर कदापि नको. मारायचाच असेल तर आधी शिवणीच्या आत एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. पारख चालू असेपर्यंत कपड्यावर नकोच. कालचा वास आजच्या नोंदीत मिसळतो.

शिलारस

पारखीच्या काळात कपड्यावर नको, हे मान्य. नंतरसाठी एकच गळपट्टा राखून ठेवावा, म्हणजे साचण्याचा प्रश्न त्यापुरताच राहतो.

तळस्वर

त्वचेबद्दल. कच्च्या डांबरात बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन असतात आणि त्यातली काही कर्करोगकारक आहेत. म्हणून ‘इफ्रा’ या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत कच्चं डांबर चालत नाही. ती द्रव्यं काढून शुद्ध केलेलंच वापरायचं असतं. जबाबदार परफ्यूमवाले हे पाळतात, किंवा डांबर न घालता इतर द्रव्यांनी तो धूर उभा करतात. घरगुती मिश्रण करणारा कुणी ‘अस्सल, कच्चं डांबर’ अशी जाहिरात करत असेल तर ते त्वचेवर घेऊ नका.

शुद्ध केलेल्यानेही एखाद्याला पुरळ येऊ शकतं. कोपराच्या आत एक फवारा, ४८ तास बघा. नुकती दाढी केलेल्या किंवा खरचटलेल्या जागी नाही.

आणि जास्त झालाच तर नुसत्या साबणाने जात नाही, ही द्रव्यं तेलकट असतात. आधी वास नसलेलं तेल अर्धा चमचा घेऊन मिनिटभर मळा, कोरड्या कापसाने पुसा, मग साबण आणि कोमट पाणी. तरी राहिला तर कापसावर थोडं सर्जिकल स्पिरिट, एकदाच. वारंवार केलं तर त्वचा कोरडी पडते. सगळा जाणार नाही, पण मोठ्याने बोलणारा थर उतरतो.

बाटलीचा निर्णय तीन दिवसांच्या आठव्या तासाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून घ्या. तीनपैकी दोन दिवशी तिथे चामडं असेल तर घ्या, पण ३० मिलीचीच. एका वेळी एक फवारा, म्हणजे मोठ्या पंपाचं जेमतेम ०.१ मिली, या हिशेबाने ती ३०० वेळा पुरते.