फायटरच्या टँकमधला पंप जोरात ओढतोय, शेपटी आणि श्रिंपची पिल्लं कशी वाचवायची?

हाफमून_नाशिक

नमस्कार मंडळी. टँक २ फूट × १ फूट × १ फूट, पाणी साधारण ४५ लिटर. आत बुडवायचा पॉवर फिल्टर आहे, खोक्यावर तासाला ६०० लिटर असं लिहिलंय. वेग कमी-जास्त करायची कळ त्याला नाही. मासा एकच, हाफमून फायटर (अर्धचंद्रासारख्या मोठ्या शेपटीचा बेट्टा), आणि सोबत चेरी श्रिंप, म्हणजे छोटी लाल कोळंबी.

फायटर हीटरच्या मागे बसून राहतो, खायला वर आला की धार त्याला मागे ढकलते. रात्री फिल्टरला टेकला की शेपटी खाचांत ओढली जाते, कडा उभ्या फाटल्यात. श्रिंपची पिल्लं दिसतात आणि आठवड्यात गायब होतात. फिल्टरच्या खाचांच्या जाळीवर नायलॉनचा मोजा घट्ट बांधला, तर दोन दिवसांत पाण्याची धार निम्मी झाली आणि पंप घरघरायला लागला. दुकानदार म्हणतो, फिल्टर दिवसातून चारच तास चालवा. हे बरोबर आहे का? की फिल्टरच बदलू?

---

संथपाणी

चार तासांचा सल्ला अजिबात पाळू नका. अमोनिया (माशाच्या घाणीतून होणारं विष) पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात आणि त्यांना सतत ऑक्सिजनचं पाणी लागतं. पंप बंद झाला की आतल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरायला लागतात, आणि पुन्हा चालू केल्यावर तो सडका गाळ थेट टँकमध्ये येतो. फिल्टर चोवीस तास चाललाच पाहिजे, फक्त त्याची ओढ पसरवायची.

तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत: पाणी ओढणारं तोंड आणि पाणी फेकणारं तोंड. त्यांचे उपाय वेगळे. मी ओढणाऱ्या तोंडाचं सांगतो.

तासाला ६०० लिटर म्हणजे सेकंदाला १६७ मिली. जाळीला २ मिमी रुंद आणि २० मिमी लांब अशा १२ खाचा असतील तर उघडी जागा जेमतेम ४.८ चौ. सेंमी. म्हणजे खाचेत पाण्याचा वेग सेकंदाला ३५ सेंमी. हाफमूनच्या शेपटीला हे झेपणार नाही. आता त्याच तोंडावर ५ सेंमी व्यासाचा, १० सेंमी लांब स्पंज चढवा. बाजू आणि तळ मिळून सुमारे १७५ चौ. सेंमी पृष्ठभाग मिळतो आणि वेग सेकंदाला १ सेंमीच्या आत येतो. पंप तोच, पाणीही जवळपास तेवढंच, पण शेपटी चिकटत नाही.

मोजा फसला तो याच कारणाने. घट्ट बांधला की तो खाचांवरच चिकटतो, उघडी जागा वाढत नाही. वर त्याची वीण बारीक, म्हणून लगेच बुजतो. मग पंपाला पाणी मिळत नाही आणि इम्पेलर, म्हणजे पंपातला फिरणारा पंखा, घरघरतो. हे पंप वाहत्या पाण्यानेच थंड राहतात, त्यामुळे तसाच चालू ठेवला तर तापून जातो.

स्पंज निवडताना: ३० पीपीआय घ्या, म्हणजे एका इंचात ३० छिद्रं, प्रत्येक छिद्र साधारण पाऊण-एक मिमीचं. चेरी श्रिंपचं पिल्लू जन्मतः दीडेक मिमीपेक्षा मोठं असतं, ते आत जात नाही. २० पीपीआय कमी बुजतो, पण छिद्र सव्वा मिमीचं, पिल्लांसाठी धोका राहतो. ४५ पीपीआय पिल्लांना उत्तम, पण फार लवकर भरतो. भांडी घासायचा स्पंज नको, त्यात जंतुनाशक असू शकतं. सोफ्याच्या फोमला आग लागू नये म्हणून रसायन लावलेलं असू शकतं, तोही नको. पितळी किंवा तांब्याची जाळी तर मुळीच नाही, तांबं श्रिंपला मारतं. जाळी लावायचीच असेल तर स्टेनलेस स्टीलची.

भोक पाडताना: स्पंज ओला करून फ्रीजरमध्ये घट्ट गोठवा, मग धारदार कडेच्या पातळ नळीने मधोमध फिरवत भोक करा, सरळ पडतं. खोली स्पंजच्या तीन चतुर्थांश, आरपार नको. भोक तोंडाच्या व्यासापेक्षा २-३ मिमी लहान ठेवा म्हणजे दोऱ्याशिवाय घट्ट बसतो. फिल्टर चौकोनी डब्याचा असेल तर अख्ख्या जाळीभोवती २.५ सेंमी जाड स्पंजची पट्टी गुंडाळून दोन केबल टाय लावा, पण सैल. आवळले की तिथला स्पंज दाबला जातो आणि तेवढी जागा वाया जाते. टायची कापलेली टोकं स्पंजच्या मागे वळवा, ती सुरीसारखी शेपटी चिरतात.

एक गोष्ट तपासा: फाटलेली कडा उभी चिरल्यासारखी असेल तर जाळीचं काम. अर्धगोल तुकडे गायब असतील तर मासा स्वतःच शेपटी चावतोय, आणि सततच्या प्रवाहाने दमलेले हाफमून हे करतात. कडा काळी किंवा लाल पडून आत सरकत असेल तर ती सड आहे, आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही शून्य हवेत.

---

ठिबकवाला_जळगाव

फेकणाऱ्या तोंडासाठी ठिबक सिंचनाची १६ मिमीची लॅटरल, म्हणजे नळी, वापरा. साधी, ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) नसलेली. कृषी सेवा केंद्रात मीटरवर मिळते. सोबत टोक बंद करायला एक एंड कॅप.

२५ सेंमी तुकडा कापा. ३ मिमीच्या ड्रिलने एका रेषेत साधारण १ सेंमीवर एक अशी २४ छिद्रं पाडा. यांचं एकूण क्षेत्रफळ १.७ चौ. सेंमी होतं. फिल्टरचं तोंड १२ मिमी असेल तर ते १.१ चौ. सेंमी, म्हणजे दीडपट जागा मिळाली. छिद्रांची बेरीज तोंडापेक्षा कमी ठेवली तर धारा आणखी जोरात सुटतात, हे बरेचजण चुकतात. तापवलेला खिळा टोचू नका, छिद्रं वाकडी होतात आणि आत प्लॅस्टिकचे गोळे राहतात. ड्रिलचे आतले कण काडीने साफ करून नळी धुऊन घ्या. तोंडावर बसत नसेल तर टोक एक मिनिट गरम पाण्यात धरा, मऊ होतं.

नळी मागच्या काचेला, पाण्याच्या पातळीखाली २-३ सेंमीवर, छिद्रं काचेकडे. एकच जाड धार दुसऱ्या टोकापर्यंत पोचते. ३ मिमीच्या धारा मात्र काचेवर आपटून वीत-दीड वीतभरातच मरतात. पृष्ठभाग किंचित हलताना दिसला पाहिजे, लाट नको. बुडबुड्यांचं घरटं (नर फायटर अंड्यांसाठी पृष्ठभागावर करतो ते) हवं असेल तर छिद्रं थोडी खाली वळवा.

तरीही जोर वाटला तर कॉक लावा, पण फक्त बाहेर येणाऱ्या बाजूला. ओढणारी बाजू आवळणं म्हणजे पुन्हा मोज्याचीच अवस्था.

---

शेवाळघर

वरचं सगळं मान्य, पण ४५ लिटरला ६०० चा पंप म्हणजे तासाला तेरा पट. फायटरला तीन-चार पट पुरतं. नवीन घ्यायचंच असेल तर २ ते ३ वॉटचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर घ्या. त्यात ओढणारं तोंड म्हणजे अख्खा स्पंजच, आणि इम्पेलर नसल्याने पिल्लू चिरडायला काही नसतंच. फायटरची अंडी-पिल्लं करणार असाल तर दुसरा पर्याय नाही. सुरुवातीचे काही आठवडे तर हवाही सेकंदाला एक-दोन बुडबुडे इतकीच, आणि वर झाकण, कारण पृष्ठभागाची हवा श्वासात घेणारा अवयव तयार होईपर्यंत पिल्लांना थंड वारा चालत नाही.

यातही चुका होतात. हवा कमी करायला नळी चिमटली की पंपाच्या पडद्यावर ताण येऊन तो फाटतो. नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून जास्तीची हवा दुसऱ्या कॉकमधून बाहेर सोडा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. ते शक्य नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर लोडशेडिंगमध्ये पाणी उलटं पंपात उतरतं. बसवायच्या आधी फुंकून बघा, टँकच्या दिशेने हवा गेली पाहिजे, उलट नाही. स्पंज फिल्टरच्या उभ्या नळीच्या तळाशी छोटा एअर स्टोन (हवा बारीक करणारा सच्छिद्र दगड) टाकला की बुडबुडे बारीक होतात, डबडब आवाज आणि पृष्ठभागावरचं उसळणं दोन्ही कमी.

फिल्टर बदलायचाच ठरला तर जुना लगेच काढू नका. दोन्ही चार ते सहा आठवडे एकत्र चालवा, म्हणजे जिवाणू नव्या स्पंजमध्ये वसतात.

---

हाफमून_नाशिक

खूप आभार. कडा उभ्याच चिरल्यात, म्हणजे जाळीच. आधी स्पंज आणि लॅटरल लावतो. स्पंज किती दिवसांनी धुवायचा? आणि फिल्टरला हात लावताना करंटची भीती वाटते, त्याचं काय?

---

संथपाणी

श्रिंप आणि एक फायटर असताना आठवड्याने बघा. दिवस मोजण्यापेक्षा धार बघा, ती स्पष्ट मंदावली की धुवा. स्पंज निम्मा बुजला तर उरलेल्या भागात ओढ दुप्पट होते. काढताना खाली वाटी धरा, नाहीतर गाळ टँकभर होतो. पिल्लं स्पंजवरचं खायला बसतात, आधी हलकेच हलवून ती उडवून लावा. टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात चार-पाच वेळा दाबा. नळाखाली नको, क्लोरीनने जिवाणू मरतात.

महिन्यातून एकदा इम्पेलर काढून त्याची दांडी पुसा. बोअरचं पाणी असेल तर पांढरा क्षार बसतो, कपभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून त्यात अर्धा तास बुडवा आणि चांगलं धुवा. स्पंज स्वच्छ असूनही घरघर येत असेल तर बहुतेक हेच कारण असतं.

करंटचं: आधी प्लग काढायचा, मगच हात पाण्यात. फक्त स्विच बंद करून भागत नाही, वायरिंग उलटी असेल तर फेज पंपापर्यंत येतोच. हीटरचाही प्लग काढा, पाणी कमी होऊन तो उघडा पडला तर काच तडकते. बोर्डच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून जमिनीवर पडतं. फिल्टर वायरला धरून उचलू नका, वायर आत शिरते तिथलं सील तिथेच सुटतं. वायर कडक होऊन तिला भेगा दिसल्या तर टेप लावू नका, तो पंप टाकून द्या.