हिवाळ्याचा निवांतपणा : गोधडीचे टाके आणि पाणथळीचे पक्षी

काठपदर (पुणे) – प्रश्न

सर्वांना नमस्कार. मार्गशीर्ष ते माघ हा काळ मला वर्षातला सर्वांत प्रिय, परंतु कार्यालयातील कामाच्या रेट्यात तो कधी येतो आणि कधी सरतो हे अलीकडे कळेनासे झाले आहे. म्हणून या हिवाळ्यात दोन गोष्टी करायच्या ठरवल्या आहेत : आईच्या जुन्या सुती नऊवारींची गोधडी हाताने शिवायची आणि काही दिवस वन्यजीवांच्या सान्निध्यात काढायचे. सहलींची पत्रके चाळली, तर बहुतेक ठिकाणी आठवडाभरात दोन-तीन जंगले आणि रोज सकाळ-संध्याकाळ सफारी असा बेत आखलेला दिसतो. त्यातून मला हवी असलेली स्वस्थता मिळेल असे वाटत नाही. घरच्यांचा आग्रह ताडोब्याचा आहे, माझा ओढा पाणपक्ष्यांकडे आहे. एकाच जागी राहून, सकाळी पक्षी पाहून दुपारी शिवण हाती घेता येईल असे ठिकाण कोणते? आणि गोधडीचे काम प्रवासात नेणे शक्य असते का?

गोदाकाठ (नाशिक)

ताई, आपल्या मनात जे आहे त्यासाठी निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर मला सर्वांत योग्य वाटते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला, त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पतींची दाटी तयार झाली, आणि त्यामुळेच हिवाळी पाहुण्यांना तिथे मुबलक खाद्य मिळते. 2020 च्या जानेवारीत या पाणथळीचा रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतील, समावेश जाहीर झाला. महाराष्ट्रातील ती पहिलीच. चापडगावच्या बाजूने आत गेल्यावर निरीक्षण मनोरे आहेत. तिथे बसून राहिले, की चक्रवाक, थापट्या, चमचे, वारकरी हे सारे पाणपक्षी आपापल्या कामात गुंतलेले दिसतात आणि त्यांच्यामागे धावण्याची गरजच उरत नाही.

दिवसाची आखणी पक्ष्यांच्या दिनक्रमानुसारच करावी. सूर्योदयापासून साधारण दहापर्यंत ते चरतात, उडतात, जागा बदलतात; दुपारी बहुतेक बदके पाण्यावर किंवा काठावर विसावतात, आणि उन्हे कलली की पुन्हा हालचाल सुरू होते. मधला सगळा वेळ आपल्या टाक्यांसाठी मोकळा आहे. मात्र थंडीला कमी लेखू नये. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचे नाव वारंवार येते, आणि पारा फार उतरला की द्राक्षबागायतदार बागांमध्ये रात्री शेकोट्या पेटवून ठेवतात. कानटोपी आणि हातमोजे अवश्य घ्यावेत.

धावदोरा (कोल्हापूर)

प्रवासाच्या प्रश्नाचे उत्तर मी शिवणाऱ्याच्या बाजूने देते. पूर्ण मापाची गोधडी प्रवासात नेऊ नये, कारण तिचे थर सपाट जमिनीवर पसरून, चहूबाजूंनी ताणून, आधी कच्चे टाके घालून बांधून घ्यावे लागतात. ते न करता मांडीवर घेतली तर आतले कापड सरकते आणि मधोमध चुण्या पडतात. सोबत न्यायचे ते तान्ह्या बाळाच्या दुपट्याएवढे काम. कच्चे टाके घरीच घालून ठेवावेत, म्हणजे बाहेर फक्त धावदोरा उरतो. कडेने सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घालत आत यावे, दोरा फार ताणू नये.

नऊवारी शिवायला घेण्यापूर्वी प्रत्येक साडी वेगळी भिजवून पाहावी, कारण जुन्या गडद रंगांचा भरवसा नसतो आणि एकीचा रंग दुसरीवर उतरला तर पुढे काहीच करता येत नाही. आतल्या थरांसाठीही सुतीच कापड घ्यावे. गोधडीची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते आणि ती हवा टाकेच जागच्या जागी धरून ठेवतात. कृत्रिम धाग्याचे कापड आत घातले, तर ते घसरते आणि घामही टिपत नाही.

आणखी एक मनापासून सांगते. आमच्याकडे गावात हे काम बहुधा उन्हाळ्यात, शेतीची कामे उरकल्यावर, दोघीतिघी समोरासमोर बसून करतात. तेव्हा या हिवाळ्यातच गोधडी पूर्ण झाली पाहिजे असा हट्ट आपण धरू नये. मुदत घातली, की तिचेही कार्यालयातले काम होते.

मोहाची सावली (चंद्रपूर)

ताडोब्याची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. तिथली धावपळ जंगलामुळे होत नाही, वाघ दिसलाच पाहिजे या हट्टामुळे होते. हिवाळ्यात गवत उंच असते, पाणी ठिकठिकाणी असते, त्यामुळे वाघ एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर जितका दिसतो तितका आता दिसत नाही. पण सांबर, चितळ, तलावातील मगरी आणि पहाटेच्या धुक्यातले बांबूचे बन यांसाठी हेच दिवस उत्तम. घरच्यांचा आग्रह असेल, तर बफर क्षेत्रातील, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, एखाद्या गावी मुक्काम करून दिवसाआड एकच सफारी घ्यावी. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते, हे आरक्षण करताना लक्षात ठेवावे. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडांपर्यंत पोहोचतो, तेव्हा अंगावर घ्यायला जुनी गोधडी न्यावीच.

काठपदर (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यंदा पाणथळ आणि सोबत दुपटे, हे नक्की झाले. ताडोबा घरच्यांशी बोलून पुढे पाहू. शेवटची शंका : पुण्याहून भिगवण जवळ आहे, तर तिथेच का जाऊ नये?

गोदाकाठ (नाशिक)

अवश्य जावे, परंतु आधी स्थानिक मार्गदर्शकाकडे पाण्याची पातळी विचारावी. भिगवणचे पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी तो बराच काळ भरलेला राहतो, चिखलाची उथळ मैदाने उशिरा उघडी पडतात आणि रोहित पक्षीही उशिरा येतात, कारण मान खाली घालून, चोच उलटी धरून गाळातले अन्न गाळून खायला त्यांना पायापुरतेच पाणी लागते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस मात्र त्याआधीही भेटू शकतात. कुंभारगाव किंवा डिकसळला मुक्काम करता येईल. तिथे होडीतून जावे लागते; नावाड्याला थव्याच्या जवळ नेण्याचा आग्रह करू नये, उलट लांबच होडी थांबवायला सांगावे. छायाचित्रासाठी थवा उडवला, की चरण्याचा त्यांचा वेळ जातो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी त्या उड्डाणात खर्च होते. दुर्बीण नसेल तर कुणाकडून तरी मागून घ्यावी, आणि गर्दी टाळायची असल्यास शनिवार-रविवार सोडून जावे.