मदत हवी आहे: दुसरं बाळ पिताना ठसकतं आणि रडून सोडून देतं

दोघांची_आई
कुणीतरी लवकर सांगा, पुढची पाजायची वेळ होतच आली आहे. थोरल्याच्या वेळी असलं काहीच नव्हतं. तो अर्धा-पाऊण तास शांत प्यायचा, पिता पिता झोपायचा. धाकटी मिनिटभर पिते, ठसकते, पाठ ताणून तोंड बाजूला करते आणि लालबुंद होऊन किंचाळते. पाच मिनिटांत सगळं आटपतं. घरात एकच पालुपद, दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. मला ते नकोय. दूध वाढवायला काय करू?

नीलपक्षी
केवढी आहे? वजन किती? लंगोट किती ओले होतात?

कडूगोड
दुसरीला पाजायला घेतलं की माझ्या पोटात अशा कळा यायच्या की दात आवळून बसायचे. पहिल्या वेळी जाणवल्याही नव्हत्या. पाजताना गर्भाशय आकुंचन पावतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते जास्त दुखतं. थोड्या दिवसांत थांबतं, घाबरू नकोस.

दोघांची_आई
कळा नाहीत गं. ती पीत नाहीये!

सायली_स
ब्रेस्ट पंप घे. प्रत्येक वेळी पाजून झालं की लाव. माझं दूध त्यानेच वाढलं. किती आलं ते डोळ्यांना दिसतं तरी.

नीलपक्षी
दूध कमी आहे हे अजून ठरलंय कुठे? पंपात येतं तेवढंच दूध असतं असं नाही, बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. आणि जितकं काढाल तितकं जास्त बनतं. आधीच भरपूर असेल तर पंपाने त्रास वाढेल.

सायली_स
मला उपयोग झाला म्हणून सांगितलं. दर वेळी पंपाला नावं का ठेवता?

मेधाकाकू
थोरला केवढा आहे? पाजताना त्याला शेजारी घेऊन बस, गोष्ट सांग. माझा मोठा नेमका तेव्हाच येऊन केस ओढायचा.

दोघांची_आई
पाच आठवड्यांची आहे. जन्मतः ३ किलो १००, परवा ४ किलो २००. लंगोट सात-आठ ओले. शी कधी कधी हिरवट, फेसाळ. आणि एकीकडे पाजताना दुसरीकडून कपडे भिजतात. थोरल्याच्या वेळी थेंबही गळायचा नाही.

नीलपक्षी
हे आधी सांगायचंस ना! रोज साधारण ३० ग्रॅम वाढ म्हणजे उत्तम. दूध कमी नाही, पान्हा फार जोरात येतोय. दुसऱ्या वेळी बऱ्याच जणींना पहिल्यापेक्षा जास्त दूध येतं. तिच्या तोंडात धार बसते, गिळायला सवड मिळत नाही. मागे रेलून बस, तिला पोटावर पालथी घे, म्हणजे दुधाला वर चढावं लागेल आणि धार मंदावेल. ठसकली की लगेच काढ, पहिली धार कपड्यात जाऊ दे, मग पुन्हा लाव. मध्ये ढेकर काढ. एक बाजू पूर्ण पिऊ दे, उगाच बदलू नकोस. वरच्या दुधाचं कारण मला तरी दिसत नाही.

कडूगोड
जिभेखालचा पडदा आखूड तर नाही ना, तेही बघून घ्या. माझ्या भाचीचा तोच घोळ होता.

नीलपक्षी
डॉक्टर तपासतीलच. श्वासाला आवाज येत असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा लंगोट कमी ओले होऊ लागले तर मात्र थांबू नकोस, लगेच दाखव.

दोघांची_आई
ओठ, श्वास ठीक आहे. आत्ता रेलून पाजलं. एकदाच ठसकली, मग चक्क गटागट प्यायली आणि मूठ उघडून झोपली. पण दुसरी बाजू दगडासारखी झालीये. काय करू?

नीलपक्षी
हाताने थोडंसं काढ, ताण सैल होईल इतकंच. पूर्ण रिकामी करू नकोस. पुढच्या वेळी त्याच बाजूने सुरू कर. लाल चट्टा, ताप असं काही आलं तर डॉक्टरांकडे जा, पण पाजणं थांबवू नकोस.

मेधाकाकू
आणि थोरल्याचं सांग ना, किती वर्षांचा आहे?