सेन्सर 180 दाखवतो, सरकारी केंद्र 75. खरं कोणतं धरायचं?

गंगापूररोडकर: नाशिकला गोदेजवळ, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पीएमएस 5003 हा धुळीचा सेन्सर लावलाय. थंडीत सकाळी 6 ते 8 पीएम 2.5 चा (2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) आकडा 180 पर्यंत जातो, ॲपवर जवळचं केंद्र 75 दाखवतं. दुपारी 2 ला मात्र सेन्सरही साधारण तेवढाच असतो. चुकतंय कोण? आणि शास्त्रज्ञ मुळात हे मोजतात कसं?

बीटा_किरण: आधी ॲपवरचे 75 हे मायक्रोग्रॅम (एक घनमीटर हवेतल्या कणांचं वजन) आहेत की एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक), ते बघा. आपल्याकडे 60 मायक्रोग्रॅमला एक्यूआय 100 होतो, अमेरिकी पट्टीवर तोच दीडशेच्या पुढे जातो. शिवाय भारतीय एक्यूआय 24 तासांच्या सरासरीवर निघतो, सकाळचा उंचवटा त्यात बुडून जातो. तुलना करायची तर केंद्राचा तासाचा मायक्रोग्रॅमचा आकडा घ्या.

तरी फरक उरला, तर तो बहुतेक दमटपणाचा. तुमचा सेन्सर वजन करत नाही. कणांवरून विखुरलेला लेझरचा उजेड मोजून वजनाचा अंदाज बांधतो. अमोनियम सल्फेटसारखे कण 80 टक्के आर्द्रतेच्या आसपास पाणी पिऊन फुगतात आणि धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. केंद्रातल्या बीटा यंत्रात हवा आत घेताना नळी तापवतात. मग कण काचतंतूंच्या फिल्टर-फीतीवर बसतात आणि कार्बन-14 मधून निघणारे बीटा किरण त्या डागातून किती अडले, यावरून वजन काढतात. हीटर बंद पडला तर तेही यंत्र असंच फुगवून सांगेल.

फिल्टरवाला: या सगळ्यांचा पंच म्हणजे फिल्टर. 47 मिमीचा टेफ्लॉन फिल्टर ठरलेल्या तापमानाला आणि आर्द्रतेला 24 तास ठेवायचा, मायक्रोबॅलन्सवर (अतिसूक्ष्म वजनाच्या काट्यावर) तोलायचा, सॅम्प्लरमध्ये मिनिटाला 16.67 लिटरने 24 तास हवा ओढायची, परत तसाच ठेवून तोलायचा. एकूण हवा 24 घनमीटर. वजन 1.44 मिलिग्रॅम वाढलं तर बरोबर 60 मायक्रोग्रॅम, म्हणजे आपली 24 तासांची मर्यादा. वाळूच्या दाण्याएवढ्या वजनाचा हा खेळ आहे, म्हणून चिमट्याशिवाय हात लावायचा नाही.

गडबड होते ती दोन-तीन ठिकाणी. टेफ्लॉनवर स्थिर विद्युत साचते आणि काटा नाचतो. तोलण्याआधी ती घालवावी लागते. प्रवाह घसरला की हवेचं माप चुकतं, शिवाय 2.5 मायक्रॉनची छाटणीही सरकते, मोठे कण आत शिरतात. आणि फिल्टर उन्हात तापला तर अमोनियम नायट्रेट उडून जातं, आकडा कमी येतो. तपासणीला एक कोरा फिल्टर, हवा न ओढता, नुसता सोबत नेऊन परत आणायचा. त्याचंही वजन वाढलं तर हाताळणीत खोट आहे.

सातपूर_लॅब: वायूंचं निराळं. नायट्रोजन डायऑक्साइड शोषक द्रावणातून चार-चार तास हवा बुडबुडवून पकडतात आणि द्रावणाला आलेला रंग 540 नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडात मोजतात. द्रावण उन्हात ठेवू नका, एवढं इथे पुरे.

एक मात्र सांगतो, सकाळचे 180 पूर्ण खोटे समजू नका. थंडीत पहाटे गार हवा खाली दबून राहते, शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर वर जात नाही. केंद्राचा तासाचा आकडाही तेव्हा चढत असेल, तर तेवढी वाढ खरी.

बीटा_किरण: सेन्सर शक्य असेल तर केंद्राशेजारी दोन आठवडे ठेवा, तासातासाचे आकडे जुळवून समीकरण काढा, त्यात आर्द्रता घ्या. पावसाळ्यात पुन्हा करा, थंडीचं समीकरण तेव्हा चालत नाही. 85 टक्के आर्द्रतेपुढचे आकडे सरळ वगळा. स्वयंपाकघराची खिडकी, एसीचं बाहेरचं युनिट, उदबत्ती यांपासून लांब लावा. आणि सेन्सरच्या पीएम 10 च्या आकड्यावर विसंबू नका. जाड कण त्याला नीट दिसत नाहीत, द्वारका सर्कलची धूळ तो मोजणारच नाही.

गंगापूररोडकर: ॲपवरचे 75 एक्यूआयच निघाले, म्हणजे 45 मायक्रोग्रॅम. तासाचे आकडे उतरवून घेतो.