शिबिरात पोरांना नदीचे मासे कसे खायचे ते शिकवायचं का? मत मांडा

विश्वामित्री_काठ:
मे महिन्याच्या शिबिरात एक तास मासे या विषयावर ठेवू असं मंडळाच्या मीटिंगमध्ये सुचवलं तर अर्धे लोक हसले आणि बाकीचे म्हणाले उगाच भीती घालू नकोस. म्हणून इथे विचारतो. आपली बडोद्याची पोरं सुट्टीत सिंधरोटला माही नदीवर गळ टाकतात, पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली की नाल्याच्या तोंडाशी जाळं लावून बसतात, २०२४ च्या पुरात मगरी रस्त्यावर फिरत होत्या तरी आमच्या गल्लीतले दोघं बादली भरून मासे घेऊन आले (मगरीची भीती, माशाची नाही!). ते मासे घरी येतात, आई तळते, लहान भावंडं खातात. कारखान्यांच्या पाण्यातला पारा, कीटकनाशकं माशात साठू शकतात, म्हणून माझं म्हणणं एवढंच की पाणी कुठलं, मासा कुठला, त्यातला भाग कुठला आणि किती वेळा खायचा हे पोरांना आणि त्यांच्या आयांना एकत्र बसवून सांगावं. खाऊ नका असं कोणीच म्हणत नाहीये.

दांडियाबाजारवाला:
आमचे आजोबा नव्वदीपर्यंत माहीचाच मासा खात होते. ताजा मासा कळतो रे, कल्ला उचलून बघायचा लाल आहे का, डोळा फुगीर आहे का, बोटाने दाबलं की मांस वर येतं का. जिवंत तडफडत असेल तर प्रश्नच नाही. हे शिकायला शिबिर कशाला, स्वयंपाकघरात उभं राहिलं की येतं.

विश्वामित्री_काठ:
काका ते शिळा मासा ओळखायला एकदम बरोबर आहे, पण पाऱ्याला ना वास ना चव. जपानमध्ये मिनामाताला कारखान्याचा पारा खाडीत गेला, १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला, तोवर लोक ताजे फडफडीत मासेच खात होते, आधी मांजरी वेड्यावाकड्या नाचत मेल्या. आणि जिवंत म्हणजे चांगला हे तर अजिबात नाही. मांगूर हवेतून श्वास घेतो, गटाराच्या पाण्यातही मजेत जगतो. थाई मांगूर पाळायला २००० सालापासून बंदी आहे तरी टबात वळवळताना दिसला की लोक खूश. आजोबांच्या तरुणपणी इथे केमिकलचा पट्टा नव्हता हो. आता कारखान्यांचं पाणी माहीच्या मुखाकडे न्यायला पन्नासेक किलोमीटरचा वेगळा कालवा आहे, तो काही हौस म्हणून नाही बांधला.

कोळंबी_खिचडी:
माझा विरोध आहे आणि कारण सांगते. माझी भाची पाचव्या महिन्यात होती, कोणीतरी व्हॉट्सॲपवर पारा पारा पाठवलं आणि हिने मासा पूर्ण बंद केला, डॉक्टर खा म्हणत होते तरी. बाळाच्या मेंदूला माशातलं ओमेगा थ्री लागतं हे त्या मेसेजमध्ये नव्हतं. तुम्ही तासभर कितीही समतोल बोला, घरी जाताना लोकांच्या डोक्यात एकच शब्द राहतो. मग पोरांना मासा बंद आणि ब्रॉयलर चालू. आणि गंमत बघा, हे सगळं सांगणारे स्वतः रविवारी सुरमई आणतात, ती काय पाला खाते का? सुरमई शिकारी मासा आहे, नदीतल्या रोहूपेक्षा तिच्यात पारा जास्त असू शकतो.

विश्वामित्री_काठ:
सुरमईचं शंभर टक्के मान्य, मी पण आणतो. अहो पण तुम्ही आत्ता जे लिहिलं तेच तर शिकवायचंय! मोठा मासा लहान माशांना खातो तसा पारा वर वर साठत जातो, म्हणून नदीतला मोठा मरळ, शिवडा कमी खायचा, रोहू मृगळ त्यामानाने बरे, समुद्राचे हवे असतील तर बांगडा तारली. कीटकनाशकं वगैरे चरबीत बसतात म्हणून कातडी आणि पोटाकडची चरबी काढून भाजलं, चरबी गळून गेली, तर ती कमी होतात. पारा मात्र मांसातच असतो, कितीही धुवा, हळद लावा, चिंच लावा, जात नाही. अमेरिकेत सरकारी सल्ला असा आहे की तुमच्या नदीच्या माशाबद्दल काही सूचनाच नसेल तर आठवड्यात एकदाच खा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको. यात बंद कुठे आलं.

वॉर्डातली_ताई:
पाऱ्यावर भांडा निवांत, मी किडनीच्या वॉर्डात काम करते आणि मला दुसरंच सांगायचंय. रोहू कटल्याचं पित्त कच्चं गिळलं की शुगर उतरते, दमा जातो, असं सांगणारे लोक अजून आहेत. ते गिळून दोन तीन दिवसात लघवी बंद झालेला माणूस डायलिसिसवर येतो, लिव्हर पण सुजलेली असते. शिजवलं तरी ते विष जात नाही. पोरांना मासा साफ करताना दाखवा, लिव्हरला चिकटलेली पित्ताची हिरवट पिशवी असते, ती बोटाने न दाबता अख्खी सोडवायची, फुटली तर आजूबाजूचं मांस कडू होतं, तेवढा भाग कापून टाकायचा. आमच्याकडे आई हे काम कुणालाच करू द्यायची नाही, स्वतःच करायची. बाकी शिबिरात काही नाही सांगितलं तरी चालेल, हे सांगा.

दांडियाबाजारवाला:
ताई हे पित्ताचं मी पण ऐकलंय, आमच्या ओळखीत एकाने घेतलं होतं, त्याला काही झालं नाही.

वॉर्डातली_ताई:
काका, ज्याला काही होत नाही तो आमच्या वॉर्डात येतच नाही ना.

आजवा_रोड:
आमच्या मंडळात अर्धी घरं शाकाहारी आहेत, माशाचा तास सुरू झाला की ती पोरं काय करणार, गेटवर थांबणार? एक शंका फक्त.

अलकापुरी_अण्णा:
मूळ मुद्दा कोणीच घेत नाहीये. घाण करणार एक आणि कातडी काढा, चरबी काढा, आठवड्यात एकदाच खा हे शिकायचं दुसऱ्याने? पाण्यात मगर आहे असा बोर्ड लावता येतो तर माशाचा का नाही? आपण पगारदार लोक, नदीचा मासा नाही खाल्ला तर बाजारातून आणू. नदीकाठी जो रोज जाळं टाकतो त्याला आठवड्यात एकदाच सांगून तो बाकीचे सहा दिवस काय खाणार? तो तुमच्या शिबिरात येणारही नाही. आधी माशांचे नमुने तपासा, आकडे लावा, मग पोरांना शिकवा.

विश्वामित्री_काठ:
अण्णा बरोबर आहे, पण नमुने तपासून आकडे लागेपर्यंत आमच्या गल्लीतली पोरं तो मासा खातच राहणार. जाळंवाल्याच्या वस्तीत तास घ्या म्हणाल तर तिथेही जायला तयार आहे, तो आपल्यापेक्षा चांगलं सांगेल की कुठल्या वळणावरच्या माशाला रॉकेलसारखा वास येतो.

कोळंबी_खिचडी:
वासाचं पाणी त्याला माहीत आहे म्हणून तो तिथला मासा घरी ठेवत नाही, विकतो. हे पण शिकवा मग.

अलकापुरी_अण्णा:
माझी अट एवढीच. ज्या दिवशी तास घ्याल त्याच दिवशी मंडळाच्या लेटरहेडवर नमुने तपासा म्हणून अर्ज जाऊ दे, खाली सगळ्या पालकांच्या सह्या. अर्ज नसेल तर माझा विरोध लिहून घ्या.