मदत हवी आहे: साखर सतत वाढलेली राहिली की इन्सुलिन सोडायला सांगणाऱ्या नसाही बिघडतात का?

नमस्कार मंडळी. बाबांना (वय 67) बऱ्याच वर्षांपासून टाइप 2 मधुमेह आहे. हल्ली उपाशीपोटी साखर 140 च्या आसपास असते, पण जेवणानंतर दोन तासांनी 260-280 निघते. अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. निवांत बसलेले असले तरी नाडी 95 च्या खाली उतरत नाही. ऑटोनॉमिक न्यूरोपॅथीची सुरुवात असावी, असं डॉक्टर म्हणाले. मधुमेहात तळपाय बधिर होतात हे माहीत होतं, पण नाडी आणि बीपी सांभाळणाऱ्या नसाही साखरेनं खराब होतात हे आम्हाला नवीनच.

तेव्हापासून वाचते आहे. पहिला घास तोंडात गेला की मेंदूचा निरोप व्हेगस नसेवाटे स्वादुपिंडाला पोचतो आणि रक्तातली साखर चढायच्या आधीच थोडं इन्सुलिन सुटतं. नसेच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, ते रसायन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना चेतवतं. ताणाच्या वेळी उलट होतं: सिम्पथेटिक नसा नॉरअ‍ॅड्रेनलीन सोडून इन्सुलिन रोखतात.

प्रश्न असा, की नाडी संथ ठेवते ती व्हेगस, मग नाडी धावते म्हणजे व्हेगस मंदावली असणार. तीच नस स्वादुपिंडाकडेही जाते. मग साखरेनं नस खराब, नसेमुळे इन्सुलिन उशिरा, म्हणून साखर आणखी वर, असं चक्र लागलंय का? आणि ते तपासता येतं का? बाबा हल्ली ताटावर बसले की भाताकडे बघत राहतात आणि दोन घास खाऊन उठतात. धास्तीनं खंगत चाललेत. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो, म्हणून लिहितो. चक्राची शंका रास्त आहे, पण त्यात नसांचा वाटा तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. बीटा पेशी साखर स्वतःच ओळखते. ग्लुकोज आत जळलं की एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं रसायन) वाढतं, पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. नसा त्यात फक्त कमीजास्त करतात. स्वादुपिंडाचं प्रत्यारोपण करताना त्याच्या नसा तुटतात, तरी ते साखर ताब्यात ठेवतं. शिवाय तुम्ही वाचलेलं बरंचसं उंदरांवरचं असणार. माणसाच्या बीटा पेशींपर्यंत पोचणारे व्हेगसचे तंतू उंदरापेक्षा खूप विरळ असतात.

उंदरांना 48 तास शिरेतून ग्लुकोज दिल्यावर व्हेगसचा जोर वाढला, सिम्पथेटिकचा कमी झाला आणि इन्सुलिन जास्त सुटू लागलं. म्हणजे साखर चढली की सुरुवातीला नसा मदतीलाच धावतात. वर्षानुवर्षं चढलेली राहिली, की मग नसाही झिजतात आणि बीटा पेशीही थकतात. जेवणानंतरच्या 280 मागे मुख्यतः हा पेशींचा थकवा असतो. उपाशीपोटी साखर 115 च्या वर गेली, की ग्लुकोज मिळताच सुटणारा इन्सुलिनचा पहिला झोत जवळपास नाहीसा होतो. साखर आटोक्यात आली तर पेशी काही प्रमाणात सावरतात, हे बाबांना जरूर सांगा.

स्वादुपिंडाच्या नसांची नेहमीची अशी तपासणी नाही. खोल श्वास घ्यायला लावून ईसीजी काढतात, त्यात व्हेगसचा अंदाज येतो. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना लगेच कळवा. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा, त्यांनीही अंधारी येते.

एक विचारतो. थोडं खाल्लं तरी पोट गच्च होतं का त्यांचं?

धागाकर्ती:

हो, दादा! दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत तसंच पोटात आहे म्हणतात. आम्ही ते अपचन समजत होतो.

प्रतिसाद:

मग हे डॉक्टरांना आधी सांगा. व्हेगस मंदावली की जठर सावकाश रिकामं होतं, साखर उशिरा चढते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी त्याआधीच काम करून बसली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि अशा नसांमुळे घाम-धडधड ही सूचनाही नीट मिळत नाही. औषधाच्या वेळा तुम्ही स्वतःहून बदलू नका. तोवर ग्लुकोमीटर आणि साखर हाताशी ठेवा.