मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरून विंडोज ७ टाकताना कीबोर्ड-माउस बंद पडतो (ठाणे)

चरईचा_प्रेसवाला
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. पेनड्राइव्हवरून विंडोज ७ टाकतोय. बूट होतं, भाषा निवडायची स्क्रीन येते आणि तिथेच सगळं ठप्प. बाण मधोमध उभा, माउसच्या पोटातला लाल दिवा विझलेला, कीबोर्डवर नमलॉकही पेटत नाही. पोर्ट बदलले, माउस बदलला, पेनड्राइव्ह नवा आणला, तोच प्रकार. लग्नसराई तोंडावर आहे, गिऱ्हाईक पत्रिकेचं प्रूफ मागतंय. ज्याला माहीत असेल त्याने लगेच सांगा.

पारसिकहिल
मदरबोर्ड कुठला? प्रोसेसर? ३२ बिट की ६४? पेनड्राइव्ह कशाने बनवला?

चरईचा_प्रेसवाला
साधा डेस्कटॉप, सेकंडहँड घेतलाय, आय३. पेनड्राइव्ह रूफस नावाच्या प्रोग्रॅमने बनवला. बूट होतंय म्हणजे तो बरोबरच असणार ना?

ऐरोली_सेक्टर८
७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही. माझ्या घरी दोन्ही मशीनवर तेच आहे, मुलं अभ्यासही त्यावरच करतात.

चरईचा_प्रेसवाला
अहो, माझं काम पेजमेकर ७ वर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) चालतं. सोबत मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचं यूएसबी लॉक, ते पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज १० वर चढत नाही. म्हणून ७, तेही ३२ बिट.

ऐरोली_सेक्टर८
मग वाइन वापरून बघा, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवतं, मिंटमध्येच.

घणसोली_हार्डवेअर
वाइनमध्ये हार्डवेअर लॉक चालवून दाखवा आधी. उगाच कामाच्या माणसाला भलतीकडे नेऊ नका.

कळव्याची_ताई
दादा, आता युनिकोडकडे वळा, ती मराठी अक्षरं कुठल्याही मशीनवर चालतात. इनस्क्रिप्ट की-बोर्ड महिनाभरात हातात बसतो. मी शाळेचं सगळं टायपिंग त्यावर करते, फोनवर पाठवलं तरी अक्षरं फुटत नाहीत.

चरईचा_प्रेसवाला
ताई, पेजमेकर युनिकोड घेत नाही. आणि जुन्या पत्रिकांच्या फाइली त्या फॉन्टमध्येच आहेत. थोरल्या मुलीची पत्रिका आमच्याकडे छापलेला माणूस धाकटीच्या वेळी तीच डिझाइन मागतो, फक्त नावं आणि तिथी बदलून. ते सगळं पुन्हा टाइप करत बसलो तर सीझन हातचा जाईल.

पारसिकहिल
केसचं झाकण काढा, बोर्डवर काय छापलंय ते वाचून इथे लिहा. बाकी चर्चा नंतर.

चरईचा_प्रेसवाला
एच११०एम लिहिलंय. आय३ सहाव्या पिढीचा आहे असं विकणारा म्हणाला होता.

पारसिकहिल
मग कारण मिळालं. तुमचा माउस आणि पेनड्राइव्ह दोन्ही ठीक आहेत. विंडोज ७ आली २००९ मध्ये, तिच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. तुमचा बोर्ड इंटेलच्या १०० सिरीजचा, म्हणजे २०१५ नंतरचा. त्यात जुना यूएसबी २ चा कंट्रोलर काढून टाकलाय, सगळे पोर्ट नव्या कंट्रोलरवर चालतात, काळे असोत की निळे. सुरुवातीला बायोस (बोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम) पेनड्राइव्ह वाचतो म्हणून स्क्रीन येते. सेटअपने ताबा घेतला की त्याला एकही यूएसबी पोर्ट दिसत नाही. पीएस/२ (जुन्या गोल पिनचा) कीबोर्ड लावून पुढे गेलात तरी सेटअप सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर मागत बसेल, कारण पेनड्राइव्हही त्याला दिसत नाही.

उपाय: विंडोज १० वाल्या मशीनवर पेनड्राइव्हमधल्या बूट.विम आणि इन्स्टॉल.विम या सेटअपच्या दोन्ही मुख्य फाइलींत यूएसबी ३ चा ड्रायव्हर घाला. विंडोजमधल्याच डिझम कमांडने होतं. काही बोर्ड कंपन्या यासाठी तयार टूल देतात, तुमच्या बोर्डच्या सपोर्ट पानावर बघा. ३२ बिट सेटअपला ड्रायव्हरही ३२ बिटचाच लागतो. बूट.विममध्ये दोन इंडेक्स, म्हणजे दोन वेगळे भाग असतात, दुसरा विसरू नका, सेटअप त्यातूनच चालतो.

घणसोली_हार्डवेअर
एवढा उपद्व्याप कशाला? साटाचा (बोर्डला आतून केबलने जोडायचा) डीव्हीडी रायटर जोडा, पीएस/२ कीबोर्ड लावा, डीव्हीडीवरून टाका. अर्ध्या तासात मोकळे. आम्ही एमआयडीसीतल्या कंपन्यांत असंच करतो.

पारसिकहिल
आणि विंडोज चढल्यावर? तिथेही यूएसबी मेलेलंच असणार. ड्रायव्हर पुन्हा डीव्हीडीवरूनच द्यावा लागेल. ज्याच्याकडे रायटर नाही त्याने तो शोधत फिरायचं का?

घणसोली_हार्डवेअर
बोर्डची ड्रायव्हर सीडी असते की. आणि जुना रायटर कुठल्याही रिपेअरवाल्याकडे पडलेला असतो.

चरईचा_प्रेसवाला
रायटर नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर बोर्ड कंपनीच्या टूलने पेनड्राइव्ह पुन्हा बनवला. माउस चालला! पण आता डिस्क निवडली की जीपीटी आहे, इथे इन्स्टॉल होणार नाही म्हणतो.

पारसिकहिल
जीपीटी म्हणजे डिस्कवर विभाग पाडायची नवी पद्धत. त्या डिस्कवर आधी विंडोज १० असणार. ३२ बिट ७ यूईएफआय या बूटच्या नव्या पद्धतीतून बूट होत नाही, तिला लेगसी म्हणजे जुना मोड आणि एमबीआर (जुन्या विभागणीची) डिस्कच लागते. बायोसमध्ये सीएसएम (याच जुन्या मोडची सोय) चालू आहे ना बघा. मग सेटअपमध्ये शिफ्ट + एफ१०, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, आपली डिस्क सिलेक्ट करून क्लीन. डिस्कवरचं सगळं जाईल. पत्रिकांच्या फाइली त्याच डिस्कवर असतील तर आधी काढून घ्या. दुसरी डिस्क जोडलेली असेल तर तिची केबलच काढून ठेवा.

ऐरोली_सेक्टर८
आणि कृपा करून हे मशीन नेटला जोडू नका. क्रोम १०९ च्या पुढे ७ वर येत नाही, सुरक्षेचे अपडेट बंद आहेत.

घणसोली_हार्डवेअर
हे मात्र पटलं. +१

चरईचा_प्रेसवाला
झालं! फाइली जुन्या मशीनच्या डिस्कवर होत्या, त्यामुळे क्लीन करायला भीती नव्हती. लॉक ओळखलं, पेजमेकर उघडला, 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न' जसंच्या तसं दिसलं, एक काना इकडचा तिकडे नाही. ८ जीबी रॅममधली ३ च्या वर थोडी वापरतोय, ते बरोबर आहे का? लॅनची वायर काढून ठेवलीय, मेल भाच्याच्या लॅपटॉपवरून करेन. पारसिकहिल, मनापासून आभार.

पारसिकहिल
बरोबर आहे, ३२ बिटला ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही, पेजमेकरला तेवढी पुष्कळ झाली. आता काम सुरू करण्याआधी या डिस्कची पूर्ण इमेज (जशीच्या तशी प्रत) दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. कंट्रोल पॅनेलमधल्या बॅकअपमध्येच सोय आहे.

चरईचा_प्रेसवाला
आज रात्रीच काढतो. प्रूफ सकाळी जाईल.